वाइडबँड कंट्रोलर निवडताना: आकडा वाचणार कोण, ते आधी ठरवा

पहिल्यांदा वाइडबँड (एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनवरून हवा-इंधनाचं प्रमाण मोजणारा सेन्सर आणि त्याचा कंट्रोलर) घ्यायला निघालेला माणूस बहुतेक वेळा गेज पसंत करतो. काळी तबकडी, कडेने रंगीत दिव्यांचं वर्तुळ, मधोमध ठळक आकडा. मीही तेच केलं होतं. गेज दिसायला झकास होतं, पण ईसीयूपर्यंत, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकापर्यंत, आकडा पोहोचवायला त्याच्याकडे एकच ॲनालॉग वायर होती, आणि त्या वायरीने पुढे माझे दोन महिने खाल्ले. ती हकिगत अर्थिंगच्या ओघात सांगतो. तूर्तास एवढंच, की डॅशबोर्डवर काय शोभेल याचा विचार सगळ्यात शेवटी करा. आधी ठरवा की हा आकडा वाचणार कोण: तुमचे डोळे, लॉगर (आकडे नोंदवून ठेवणारं यंत्र), की ईसीयू? या उत्तराने निम्मी निवड होऊन जाते. उरलेली निम्मी सेन्सर करतो.

कंट्रोलर नेमकं काय करतो

हे दोन मिनिटं समजून घेतलं तर पुढचे सगळे सल्ले आपोआप पटतील.

जुना, साधा ऑक्सिजन सेन्सर म्हणजे नॅरोबँड. बॉशने तो १९७६ मध्ये बाजारात आणला आणि व्होल्वोच्या २४० मालिकेतल्या गाड्यांत तो पहिल्यांदा बसला. झिरकोनियाच्या तुकड्याच्या एका अंगाला एक्झॉस्टचा वायू, दुसऱ्या अंगाला बाहेरची हवा. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये जेवढी तफावत, त्यानुसार व्होल्टेज तयार होतं. मिश्रण रिच (इंधन जास्त) असेल तर ०.८-०.९ व्होल्ट, लीन (हवा जास्त) असेल तर ०.१ च्या आसपास, आणि मधल्या ०.४५ व्होल्टला तो खटकन पलटी मारतो. म्हणजे रिच की लीन, एवढंच कळतं. किती रिच, किती लीन, ते नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सांभाळायला एवढं पुरतं, ट्यूनिंगला पुरत नाही.

वाइडबँडमध्ये तोच झिरकोनियाचा तुकडा, म्हणजे सेल, असतो, पण त्याला आणखी एक पंप सेल जोडलेला असतो. दोहोंच्या मध्ये एक बारीकशी पोकळी असते आणि एक्झॉस्टचा वायू तिच्यात झिरपत येतो. कंट्रोलर पंप सेलमधून करंट सोडून पोकळीतला ऑक्सिजन बाहेर काढतो किंवा आत भरतो, अशा बेताने की पहिल्या सेलचं व्होल्टेज कायम ०.४५ वर राहावं. त्यासाठी किती करंट लागला, हेच मोजमाप. मिश्रण बरोबर असेल तर करंट शून्य, लीन असेल तर एका दिशेने, रिच असेल तर उलट दिशेने.

तराजू डोळ्यांसमोर आणा. कोणतं पारडं खाली गेलं एवढंच नॅरोबँड सांगतो. वाइडबँडमध्ये काटा सरळ उभा राहीपर्यंत वजनं टाकायची आणि मग ती मोजायची. वजनं टाकणारा आणि मोजणारा हात म्हणजे कंट्रोलर. म्हणून वाइडबँड सेन्सर नुसता जोडून मीटरवर काही वाचता येत नाही.

कंट्रोलरचं दुसरं काम म्हणजे हीटर सांभाळणं. बॉशचा एलएसयू ४.९ सेन्सर साधारण ७८० अंश सेल्सिअसला ठेवावा लागतो. वेगळं थर्मामीटर त्यात नसतं. सेलचा अंतर्गत रोध ३०० ओहम राहील असा हीटर कमी-जास्त करत राहायचं, असा हिशेब असतो. तापमान हललं की आकडा हलला. चांगल्या आणि सुमार कंट्रोलरमधला खरा फरक इथे असतो, आणि जाहिरातीत नेमका हाच कुणी लिहीत नाही.

पहिली पायरी: वाचणारा ठरवा

फक्त डोळ्यांना हवा असेल, म्हणजे कार्ब्युरेटरची गाडी असेल किंवा नुसती नजर ठेवायची असेल, तर कंट्रोलर पोटातच असलेलं गेज घ्या आणि मोकळे व्हा. तरीही एक सांगतो. पूर्ण थ्रॉटलवर गाडी असताना गेजकडे बघणं धोक्याचं आहे, आणि बघितलं तरी धावत्या आकड्यातून हाती काही लागत नाही. लॉगिंग नसलेलं गेज माझ्या लेखी अर्धंच कामाचं.

लॉगर किंवा लॅपटॉपसाठी घेत असाल तर आकड्यासोबत आरपीएम आणि इंजिनावरचा लोड एकाच वेळी नोंदला जाईल का, ते पाहा. ३,००० आरपीएमला हलक्या पायाने चालवताना आलेलं १३ (हा एएफआर, म्हणजे वजनाने एक भाग इंधनाला किती भाग हवा) आणि त्याच आरपीएमला थ्रॉटल पूर्ण दाबून आलेलं १३ यांचा अर्थ अगदी वेगळा. आरपीएमशिवायची नोंद म्हणजे नावाशिवायचा फोन नंबर.

ईसीयूला हवा असेल तर आधी त्या ईसीयूचं माहितीपुस्तक उघडा. बऱ्याच आफ्टरमार्केट ईसीयूंमध्ये वाइडबँड कंट्रोलर आतच असतो. तसं असेल तर फक्त सेन्सर आणि वायरिंग घ्यायचं, स्वतंत्र कंट्रोलर नको. आत नसेल तर ईसीयूला कोणत्या कंट्रोलरची कॅन बसवरची (गाडीतली उपकरणं ज्या दोन वायरींवरून एकमेकांशी डिजिटल बोलतात तिच्यावरची) भाषा आधीपासून येते, ती यादी पाहा आणि त्या यादीतलाच कंट्रोलर निवडा.

मूळ ईसीयूच ठेवायचा असेल तर दोन शक्यता असतात. तुमच्या गाडीत कंपनीनेच वाइडबँड बसवला असेल, तर ओबीडी सॉकेटला (गाडीचे दोष तपासायच्या सॉकेटला) साधा स्कॅनर लावूनही लॅम्डाचा, म्हणजे बरोबर मिश्रणाला १ धरणाऱ्या मापाचा, आकडा मिळतो. आकडा ताजा होण्याचा वेग कमी असतो, पण नुसत्या उत्सुकतेपोटी पाहायचं असेल तर काहीच विकत घ्यायची गरज नाही. मात्र त्या कंपनीच्या सेन्सरच्या वायरींना दुसरा कंट्रोलर समांतर जोडायच्या फंदात पडू नका. एकाच तराजूत दोघांनी वजनं टाकली तर काटा कसा स्थिर राहील?

गाडीत नॅरोबँड असेल, तर काही कंट्रोलर नॅरोबँडची नक्कल करणारं आउटपुट देतात. मूळ सेन्सर काढून त्याच जागी वाइडबँड लावायचा आणि ईसीयूला नक्कल पुरवायची. कागदावर हे सुटसुटीत वाटतं. प्रत्यक्षात ईसीयू जुन्या सेन्सरच्या हीटरचं सर्किटही तपासत असतो. तो दिसला नाही की चेक इंजिनचा दिवा लागतो. नवशिक्याने या वाटेला जाऊ नये असं मला वाटतं. मूळ सेन्सर जागच्या जागी राहू द्या आणि पाइपावर दुसरा बंग वेल्ड करून घ्या. (बंग म्हणजे आतून आटे पाडलेली लोखंडी कडी, जिच्यात सेन्सर फिरवून बसतो.)

दुसरी पायरी: सेन्सर पाहून कंट्रोलर घ्या

सेन्सर ही झिजणारी वस्तू आहे. आज ना उद्या तो बदलावा लागणार, म्हणून ज्याचा सेन्सर कुठेही मिळतो तोच कंट्रोलर चांगला. एखादी कंपनी स्वतःच्या खास प्लगचा सेन्सर देत असेल आणि तो फक्त तिच्याकडेच मिळत असेल, तर मी तरी तिथे थांबत नाही.

बाजारात मुख्यतः बॉशचे एलएसयू ४.२ आणि एलएसयू ४.९ दिसतात. एनटीकेचेही चांगले सेन्सर आहेत, पण ते चालवणारे कंट्रोलर कमी. नवीन घेताय तर ४.९ घ्या. ४.२ ला तुलनेसाठी बाहेरची हवा लागते आणि ती त्याच्या वायरींमधल्या फटींतून आत जाते. तिथे पाणी, तेल किंवा सिलिकॉनची वाफ शिरली की आकडा भरकटतो. ४.९ आपला तुलनेचा ऑक्सिजन पंप करून स्वतः तयार करतो, त्यामुळे बाहेरच्या घाणीने तो एवढा बिथरत नाही. दोघांचे आटे सारखेच, एम१८ बाय १.५, दिसायलाही भाऊ-भाऊ. पण विजेच्या दृष्टीने ते वेगळे आहेत. ४.२ साठी बनवलेल्या कंट्रोलरला ४.९ जोडून चालत नाही. जुना कंट्रोलर स्वस्तात मिळत असेल तर तो ४.२ वाला तर नाही ना, हे आधी विचारा.

एलएसयूच्या सेन्सरमधून वायरी पाच निघतात, पण कनेक्टरला पिना सहा असतात. सहावी पिन आतल्या एका बारीक रेझिस्टरची. कारखान्यात प्रत्येक सेन्सर तपासून त्याच्या स्वभावानुसार हा रेझिस्टर लेझरने कोरून जुळवलेला असतो. म्हणून वायर लांबवायची म्हणून कनेक्टर कापून टाकू नका. कापला की त्या सेन्सरची जन्मपत्रिकाच गेली. लांबी हवी असेल तर कंट्रोलरच्या बाजूची केबल लांब घ्या.

नकली एलएसयू ४.९ ठिकठिकाणी विकले जातात. खोका, छपाई, सगळं हुबेहूब. स्वतंत्र कंट्रोलरसोबत बहुधा ० २५८ ०१७ ०२५ या क्रमांकाचा सेन्सर येतो, पण नकलेवरही हाच क्रमांक असतो, त्यामुळे क्रमांकावर न जाता विकणाऱ्याच्या खात्रीवर जा. भाव फारच खाली दिसला तर त्याला कारण असतं.

तिसरी पायरी: ॲनालॉग की कॅन

आता ती हकिगत.

माझ्या गेजवर आयडलला १४.७ दिसायचं आणि लॅपटॉपवर ईसीयू म्हणायचा १५.१. हेडलाइट आणि पंखा लावला की लॅपटॉपवरचा आकडा आणखी वर. ईसीयूला वाटायचं मिश्रण लीन आहे, म्हणून तो बिचारा इंधन वाढवायचा आणि गाडी काळा धूर काढायची. मी इंजेक्टर साफ केले, फ्यूएल पंपावर संशय घेतला, रेग्युलेटर बदलला. दोष सापडला तो एका काळ्या वायरीत. कंट्रोलरच्या हीटरचा करंट आणि सिग्नलचं अर्थिंग एकाच पातळ वायरीतून बॉडीला नेलं होतं.

गणित असं. ॲनालॉग आउटपुट म्हणजे ० ते ५ व्होल्ट. समजा शून्याला १० आणि पाचला २० असा हिशेब आहे, म्हणजे एका व्होल्टमागे एएफआर २ ने बदलतो. आता कंट्रोलरचं अर्थिंग ईसीयूच्या अर्थिंगपेक्षा ०.२ व्होल्टने वर असेल, तर आकड्यात सरळ ०.४ ची चूक. आणि हीटर काही थोडाथोडका करंट खात नाही. थंड सेन्सर तापवताना तो अँपिअरमध्ये मोजावा लागतो. तेवढा करंट खराब अर्थिंगमधून गेला की ०.२ व्होल्ट कुठल्या कुठे निघतात.

म्हणून ॲनालॉग घ्यायचाच असेल तर हीटरचं अर्थिंग आणि सिग्नलचं अर्थिंग यांच्या वेगळ्या वायरी देणारा कंट्रोलर पाहा. हीटरची काळी वायर इंजिन ब्लॉकला, सिग्नलची ईसीयूच्या सेन्सर अर्थिंगला. काही कंट्रोलर सुरू होताना काही सेकंद ठरावीक व्होल्टेज सोडतात, त्यावरून ईसीयूला दिसणारा आकडा पडताळता येतो. ही सोय छोटी असली तरी सोन्यासारखी आहे.

दुसरा घोळ स्केलचा. प्रत्येक कंपनीचा हिशेब निराळा. समजा वायरीवर २.५ व्होल्ट आहेत. १४पॉइंट७ कंपनीच्या स्पार्टनचं स्केल शून्याला १० आणि पाचला २०, म्हणजे हे झाले १५. एईएमच्या एक्स-सीरिजमध्ये ०.५ व्होल्टला ८.५ आणि ४.५ ला १८, म्हणजे १३.२५. इनोव्हेटच्या एलसी-२ मध्ये मूळ सेटिंग शून्याला ७.३५ आणि पाचला २२.३९, म्हणजे साधारण १४.८७. वायरीवर व्होल्टेज तेच, पण ईसीयूमध्ये चुकीचं स्केल भरलं तर इंजिनाची वाट लागू शकते.

कॅन बसवर हा त्रास नाही. तिथे आकडा आकडा म्हणूनच जातो, अर्थिंग थोडं वर-खाली झालं तरी बिघडत नाही. शिवाय सेन्सर अजून तापतोय, सेन्सरमध्ये दोष आहे, अशी माहितीही सोबत जाते. ॲनालॉग वायरीवर थंड सेन्सरसुद्धा काहीतरी व्होल्टेज देतोच आणि ईसीयू त्यावर विश्वास ठेवतो. ईसीयूला कॅन असेल तर माझं मत स्पष्ट आहे: कॅनच घ्या. फक्त बसच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर हवा. सगळं बंद करून दोन वायरींमध्ये मीटर लावला तर ६० ओहमच्या जवळपास दिसलं पाहिजे. १२० दिसलं तर एक टोक राहिलंय, ४० दिसलं तर एक जास्त झालाय.

व्ही इंजिनाच्या दोन्ही बाजूंना वेगळे सेन्सर लावायचे असतील तर दोन्ही कंट्रोलरना वेगवेगळा कॅन आयडी देता येतो का, तेही बघून ठेवा.

लॅम्डा की एएफआर

सेन्सरला तुमच्या टाकीत काय आहे ते ठाऊक नसतं. तो फक्त लॅम्डा ओळखतो: जळायला जेवढी हवा हवी तेवढीच असेल तर लॅम्डा १. एएफआर म्हणजे त्याला इंधनाच्या आकड्याने केलेला गुणाकार. शुद्ध पेट्रोलला १४.७, निव्वळ इथेनॉलला ९, ई८५ ला (सुमारे ८५ टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलला) ९.८ च्या आसपास, सीएनजीला १७ च्या थोडं वर. गेज पेट्रोलवर सेट असेल आणि टाकीत ई८५ असेल, तरी बरोबर मिश्रणाला ते १४.७ च दाखवेल.

म्हणून पहिल्या दिवसापासून लॅम्डाची सवय लावा, आणि लॅम्डा दाखवणारं गेज घ्या. सावकाश चालीत १, टर्बो नसलेल्या इंजिनाला पूर्ण थ्रॉटलवर ०.८५ ते ०.९, टर्बोला त्याहून रिच, अशी ढोबळ आखणी असते. नेमका आकडा इंजिनागणिक बदलतो. डिझेलवाल्यांनी मात्र रेंज नक्की पाहावी. डिझेल नेहमीच लीन चालतं, आणि बरीच गेज पेट्रोलच्या १८ किंवा २० पर्यंत जाऊन थांबतात.

जाहिरातीतल्या दशांशांनी हुरळून जाऊ नका. दोन दशांश दाखवणं निराळं आणि तेवढं अचूक असणं निराळं.

चौथी पायरी: जागा, वीज आणि सेन्सरचं आयुष्य

कंट्रोलर मागवण्याआधी गाडीखाली झोपून बघा. सेन्सर पाइपाच्या वरच्या अर्ध्या भागात हवा. घड्याळाच्या भाषेत १० ते २ च्या दरम्यान, आडव्या रेषेपासून निदान १० अंश वर. पाइपाच्या तळाशी लावला तर थंड इंजिनाचं साचलेलं पाणी लाल झालेल्या सिरॅमिकवर पडतं आणि ते तडकतं. टर्बो असेल तर सेन्सर टर्बोनंतर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर त्याच्या आधी. टर्बोच्या आधी दाब आणि उष्णता दोन्ही जास्त. दाबाने आकडा चुकतो आणि उष्णतेने सेन्सर मरतो. एलएसयू ४.९ साठी वायूचं तापमान कायमस्वरूपी ९३० अंशांच्या आत हवं.

वीज रिलेमधून, स्वतंत्र फ्यूज घालून घ्या, आणि इंजिन चालू असेल तेव्हाच मिळेल अशी. यात दोन चुका हमखास होतात. एक, चावी फिरवून इंजिन न सुरू करता बराच वेळ बसणं: हीटर तापतो, मग इंजिन सुरू होताच पाइपातलं पाणी त्याच्यावर उडतं. काही कंट्रोलर इंजिन फिरू लागेपर्यंत हीटर पूर्ण ताकदीने लावत नाहीत. निवडताना हा गुण शोधा. दुसरी चूक त्याहून वाईट: कंट्रोलर काढून ठेवला आणि सेन्सर पाइपातच राहिला. हीटर बंद असलेल्या सेन्सरवर काजळी बसत जाते आणि तो काही दिवसांत निकामी होतो.

एक्झॉस्टच्या सांध्यांना किंवा इंजिनाला साधा सिलिकॉन सीलंट लावू नका. पाकिटावर सेन्सरला सुरक्षित असं लिहिलेलाच घ्या. शिसं असलेलं रेसिंगचं इंधन वापरणार असाल तर सेन्सर लवकर जाणार हे धरून चाला. आटे घट्ट करताना ४० ते ६० न्यूटन-मीटर पुरे.

बसवल्यावर पहिल्या दिवशी

मोकळ्या हवेतलं कॅलिब्रेशन लागतं की नाही, हे कंट्रोलरवर अवलंबून. ४.९ चालवणारे बरेच कंट्रोलर कनेक्टरमधल्या रेझिस्टरवरच भागवतात. काहींना मात्र सेन्सर पाइपाबाहेर काढून स्वच्छ हवेत शून्यावर आणावा लागतो. असा असेल तर ते काम गॅरेजमध्ये दुसरी गाडी चालू असताना करू नका. हवेत धूर असेल तर कॅलिब्रेशनच खोटं बसतं.

मग रस्त्यावर एक सोपी परीक्षा. इंजेक्शनची गाडी गिअरमध्ये ठेवून चांगल्या वेगात पाय पूर्ण सोडा. ईसीयू इंधन तोडतो, एक्झॉस्टमधून निव्वळ हवा जाते आणि आकडा लीनच्या टोकाला भिडला पाहिजे. नाही भिडला किंवा रेंगाळत गेला, तर सेन्सर थकलाय किंवा नीट तापत नाही.

आयडलला लीन आणि लोडवर ठीक दिसत असेल, तर ट्यूनिंगला हात लावण्याआधी सेन्सरच्या अलीकडचे एक्झॉस्टचे सांधे तपासा. फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर तिलाच मोजतो. मिसफायरचंही तसंच. न पेटलेल्या सिलिंडरमधून इंधनही बाहेर येतं आणि ऑक्सिजनही, पण सेन्सरचा कौल ऑक्सिजनवर, म्हणून अतिरिच होऊन मिसफायर करणारं इंजिन गेजवर लीन दिसतं. नवशिका आणखी इंधन वाढवतो, मिसफायर आणखी वाढतो, आकडा आणखी लीन होतो. असं चक्र सुरू झालंय असं वाटलं तर लॅपटॉप बंद करा आणि स्पार्क प्लग काढून बघा. ते ओले आणि काळे निघाले तर आकड्यापेक्षा प्लगवर विश्वास ठेवा.

आणि हो, बंग मागवाल तेव्हा त्याच्या मापाचं बूचही मागवा. सेन्सर काढून ठेवायची वेळ कधी ना कधी येतेच, तेव्हा पाइपाला भोक उघडं ठेवून चालवता येत नाही.